मदत हवी आहे : नेत्रदानावर चर्चा, पण भांडण नको

मंडळी, आमच्या गणेश मंडळात पोरांनी यंदा एका संध्याकाळी डीजेऐवजी चर्चा ठेवलीय (मलाही आधी खरं वाटलं नाही). विषय : नेत्रदान, देहदान आणि धर्म. गेल्या वर्षी जादूटोणाविरोधी कायद्यावर नुसती आरडाओरड झाली. २०१३चा तो कायदा कुणी वाचलेलाच नव्हता.

मृत्यूनंतर साधारण ६ तासांत नेत्रदान व्हावं लागतं, हे सांगणं सोपं. पण "डोळे काढले तर पुढच्या जन्मी आंधळा होईल" म्हणणाऱ्या आजीला काय सांगायचं? दधीचींनी अस्थी दिल्या, हा दाखला चालेल? की पुराणाला पुराणानंच उत्तर देणं ही पळवाट? आमच्यात यावरूनच दोन तट पडलेत. आणि देह दिल्यावर दहाव्याचं काय? ज्यांच्या घरी देहदान झालंय त्यांनी कसं निभावलं, ते कृपया सांगा.