झरमॅटच्या खोऱ्यात मैलापाण्याला चौथा टप्पा हवाच

उत्तरवाट:
झरमॅट हे स्वित्झर्लंडमधलं डोंगरातलं पर्यटनाचं गाव. तिथे देशभर २०१६ पासून नियम आहे. ठरावीक मोठ्या मैलापाणी केंद्रांनी नेहमीच्या प्रक्रियेनंतर चौथा टप्पा जोडायचा, रसायनं तोडणाऱ्या ओझोन वायूचा नाहीतर ती शोषणाऱ्या सक्रिय कोळशाचा. पाण्यात विरघळलेले औषधांचे आणि रसायनांचे अंश त्याने ८० टक्के तरी निघावेत. त्यासाठी जोडलेल्या दर रहिवाशामागे वर्षाला ९ फ्रँकपर्यंत कर.

माझा राग मोजणीवर आहे. हा टप्पा सक्तीचा होण्याचा उंबरठा केंद्राला जोडलेल्या ८०,००० रहिवाशांचा, तळ्याच्या पाणलोटात २४,०००. झरमॅटचे रहिवासी सहा हजारांच्या आसपास. हॉटेलातला पाहुणा या हिशेबात नाहीच! फेब्रुवारीत स्कीइंगसाठी गाव गच्च भरतं, आणि नेमकी तेव्हाच नदी रोडावलेली, कारण तिचं पाणी वर बर्फ होऊन बसलेलं. जुलैत हिमनदी वितळली की तीच घाण दिसेनाशी होते. हे पाणी पुढे ऱ्होन नदीतून जिनिव्हाच्या तळ्यात जातं, आणि तिथून लोकांच्या नळाला.

गाळटाकी:
सहमत नाही. पुण्याजवळच्या केंद्रावर अकरा वर्षं काढली आहेत, त्यावरून सांगतो. मैलापाण्यातला अमोनिया खाणारे जिवाणू १० अंशांखाली सुस्तावतात. तुमच्या खोऱ्यात ऐन गर्दीत पाणी थंडगार. आधी या जिवाणूंच्या टाकीचं घनफळ वाढवा, म्हणजे त्यांना वेळ मिळेल. नायट्राइट (अमोनियावरचं अर्धवट राहिलेलं काम) आणि सेंद्रिय घाण उरली असेल, तर ओझोन त्यांच्यावरच खर्च होतो, औषधापर्यंत पोचतच नाही. वर वीज लागते ती वेगळी. माशाला अमोनिया आज मारतो, औषधाचा अंश कधीतरी.

कोकणकडा:
‘कधीतरी’ म्हणून सोडून देऊ नका हो. डायक्लोफिनॅक घ्या. दुखण्यावरची साधी गोळी, पण नेहमीच्या प्रक्रियेत ती फारशी अडकत नाही आणि ट्राउट माशाची मूत्रपिंडं बिघडवते. आपली गिधाडं याच औषधाने गेली. ते दिलेली जनावरं मेली, गिधाडांनी खाल्ली, मूत्रपिंडं निकामी. महाडकडच्या आमच्या गावात आजोबा गिधाडांच्या झुंडी सांगायचे, मी एकही पाहिलं नाही.

गाळटाकी:
पण गिधाडांसाठी कुणी गाळणी बांधली नाही. २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद केलं. स्वित्झर्लंडनेही १९८६ मध्ये कपडे धुण्याच्या पावडरीतलं फॉस्फेट बंद केलं, त्याचा तळ्यांना फायदा झाला. जे उगमाशी थांबतं त्यासाठी शेपटाशी यंत्र कशाला? भांडी धुण्याच्या यंत्राच्या गोळ्यांत बेंझोट्रायझोल हे गंजरोधक रसायन असतं, त्यापासून सुरुवात करा.

उत्तरवाट:
फॉस्फेटला पर्याय होता, गुरांसाठी मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं वेदनाशामक होतं. मधुमेह्याचं मेटफॉर्मिन कसं बंद करणार? माणसं औषध घेणार, ते मोरीत उतरणारच. अमोनिया आधी, हे मान्य. पण ‘आधी’चा अर्थ ‘एवढंच’ होऊ नये. पाहुण्याकडून रात्रीमागे कर घेतलाच जातो, त्यातले थोडे पैसे इकडे वळवावेत. आणि उंबरठा रहिवाशांवर न ठेवता सर्वांत गर्दीच्या आठवड्यावर ठेवावा.

कोकणकडा:
+१. घाण पाहुण्याची, मग मोजताना तो वगळायचा कसा?

गाळटाकी:
मोजणीचा मुद्दा पटला. मग ओझोनची इमारत नकोच. सक्रिय कोळशाची पूड थेट जिवाणूंच्या टाकीत टाकता येते, तीही फक्त हिवाळ्यात. ती गाळाबरोबर निघते, आणि तिथे गाळ शेतात टाकायला बंदीच आहे, जाळावाच लागतो. मात्र मागे बारीक गाळणी किंवा मेम्ब्रेन (सूक्ष्म छिद्रांचा पडदा) हवं, नाहीतर औषध शोषलेली काळी पूडच नदीत जाईल. तेवढी जागा त्या अरुंद खोऱ्यात आहे का?

उत्तरवाट:
सपाट जागा नाही. झरमॅटचं केंद्रच डोंगर पोखरून आत बसवलंय. जागा वाढवायची तर आणखी खडक फोडावा लागेल. माझ्या मते फोडावा.