मदत हवी आहे: घरातून शिवणकाम करते, मिस्टरांची पाळी दर आठवड्याला बदलते, वेळापत्रक कसं बसवू?

नमस्कार. मी नाशिकला सातपूरच्या बाजूला राहते. घरातूनच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, अधूनमधून परकर-पोलकी आणि गणवेशाची उंची कमीजास्त करणंही असतं. काम भरपूर आहे, फिटिंग चांगलं येतं म्हणून बायका लांबूनही येतात. पण दिलेली तारीख पाळताना माझी फार ओढाताण होते आणि त्यावर मला नीट मार्ग हवा आहे.

घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मशीन बाहेरच्या खोलीत. मिस्टर कारखान्यात आहेत, त्यांची पाळी आठवड्याला फिरते. पहिल्या पाळीत डबा पहाटेच लागतो, पण एकदा ते गेले की दुपारपर्यंत मला सलग बसता येतं. दुसऱ्या पाळीत सकाळ घरच्या कामात जाते, संध्याकाळ मोकळी मिळते, तर नेमकं तेव्हा गिऱ्हाईक येतं. खरी पंचाईत रात्रपाळीच्या आठवड्यात. ते सकाळी येऊन आतल्या खोलीत झोपतात आणि मशीनचा आवाज झाला की झोप मोडते. रात्रभर कारखान्यातल्या मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाची झोप झाली नाही तर हात सापडायची भीती असते, म्हणून मी मशीन लावतच नाही. माझे सगळ्यात चांगले तास असे जातात. मुलगा सहावीत आहे, त्याची शाळा दुपारची. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना व्यायामाला न्यावं लागतं.

वेळेच्या नियोजनावर मी बरंच वाचलं. बहुतेक ठिकाणी एकच सांगतात, रोज ठरलेल्या वेळी कामाला बसा. ज्या घरात पाळी आहे तिथे ठरलेली वेळ दर सोमवारी बदलते. दुसरा सल्ला म्हणजे पहाटे चारला उठा किंवा रात्री जागा. तो मला नको आहे. रात्री डोळे थकलेले असताना मी कटिंग करणार नाही. पैठणीचा ब्लाउजपीस साडीबरोबरच विणलेला असतो, तिथे कात्री चुकली तर तसा तुकडा बाजारात मिळत नाही.

गिऱ्हाइकांचंही सांगते. माप घ्यायला फार वेळ लागत नाही, पण गळा ठरवायला लागतो. मोबाइलवर फोटो दाखवतात, मग पाठीला नॉट की लटकन, बाही कोपरापर्यंत की वर, यात अर्धा तास सहज जातो. त्यांना घाई करावी असं मला वाटत नाही, कारण बोलणं नीट झालं तरच ब्लाउज मनासारखा होतो. पण दिवसातून चार वेळा टीप अर्धवट सोडून उठावं लागतं. "तू घरीच असतेस ना" असं म्हणून भरदुपारी बेल वाजते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात ती बेलही नको असते.

तर, रात्रपाळीचे सात दिवस वाया जाऊ न देता काम कसं लावावं? गिऱ्हाइकाला वेळ कशी बांधून द्यावी, की ते तुटणार नाही? आणि तारीख कशाच्या आधारावर द्यावी? घरातून शिवणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १ (कोल्हापूर)

ताई, माझी आई आणि मी मिळून बरीच वर्षं हेच करतो. तुम्ही वेळेचं वेळापत्रक लावायला जाताय, त्याऐवजी कामाचे दोन भाग करा: आवाजाचं काम आणि बिनआवाजाचं काम.

एक अस्तराचा ब्लाउज घेतला तर त्यात मशीनवरचं काम तुम्हाला वाटतं त्याहून कमी असतं. सुती अस्तर आधी पाण्यात भिजवायचं, सावलीत वाळवायचं, इस्त्री करायची, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि मुंढ्याला चुण्या पडतात. मग खुणा, कटिंग, कापड आणि अस्तर जोडून कच्चे टाके. शिवून झाल्यावर हुक, लूप, खालची हातशिलाई, धागे कापणं, इस्त्री. फॉलची एक बाजू मशीनवर मारली तरी दुसरी बऱ्याच जणी हातानेच घालून मागतात. जुने ब्लाउज सैल करायला आले की उसवणंही हाताचंच. हे सगळं झोपलेल्या माणसाशेजारी बसून करता येतं.

म्हणून रात्रपाळीचा आठवडा कटिंगचा ठेवा. सकाळच्या उजेडात, डोळे ताजे असताना, पुढच्या आठवड्याचे सगळे ब्लाउज कापून ठेवायचे. प्रत्येकाची वेगळी पुडी बांधायची, आत मापाची चिठ्ठी, गळ्याचं चित्र, हुक पुढे की मागे, पायपिंगचा रंग. कोणता धागा लागेल तेही लिहा. मग पहिली पाळी लागली की फक्त मशीनवर बसायचं. तेव्हा गिऱ्हाइकाच्या क्रमाने शिवू नका, रंगाच्या क्रमाने शिवा. लाल, मरून, राणी एकामागून एक घेतले तर धागा आणि बॉबिन बदलण्यात वेळ जात नाही. मुंढे सगळ्यांचे एकदम, बाह्या सगळ्यांच्या एकदम असंही काही जणी करतात. मला ते आवडत नाही, पुड्यांची सरमिसळ होते. एक ब्लाउज पूर्ण उतरला की मनालाही बरं वाटतं.

एक सांभाळा. ज्यांच्या मापाची खात्री नाही, नवीन गिऱ्हाईक आहे किंवा बाई गरोदर आहे, त्यांचं आधी कापून ठेवू नका. आणि बाजूला माया (शिलाईच्या आतलं जादा कापड) भरपूर सोडा, नंतरचं उसवून देणं पाच मिनिटांत होतं.

प्रतिसाद २ (ठाणे)

मी शिवत नाही, घरातून केक करते. पण बेलचा त्रास अगदी तोच होता, म्हणून लिहिते.

गिऱ्हाईक वेळेच्या बंधनाने तुटत नाही. आल्यावर "अजून झालं नाही" ऐकावं लागलं की तुटतं. मी कामाच्या वेळा लिहून दारावर पाटी लावली आणि व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवरही त्याच वेळा टाकल्या. ते फुकट आहे. वेळेबाहेर कुणी लिहिलं तर आपोआप उत्तर जातं, तो मजकूर आपणच ठरवायचा. तुम्ही लिहा की "माप आणि कापड घेण्याची वेळ संध्याकाळी अमुक ते अमुक. गळ्याचा फोटो आधी पाठवला तर बरं." फोटो आधी आला की अर्धं बोलणं तिथेच होतं. त्याच अ‍ॅपमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबल लावता येतं. तुम्ही "कापड आलं", "कापलं", "हातशिलाई", "तयार" अशी चार लेबलं केली तर "माझा झाला का" या प्रश्नाला वही न उघडता उत्तर देता येईल.

रात्रपाळीच्या आठवड्यात बेल बंद करून फोन करायला सांगा. मिस्टर झोपलेत हे कारण स्पष्ट सांगितलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही. तुमच्या भागात निम्म्या घरांत पाळीच असेल, बायकांना ते सांगावंही लागणार नाही.

प्रतिसाद ३ (पुणे)

तारखेबद्दल. मी बुटिकसाठी घरून नगावर शिवते, तिथे तारीख चुकली तर पैसे कापतात, त्यामुळे हे मला शिकावंच लागलं.

दोन गोष्टी करा. पहिली, एका आठवड्यात पाळी धरून किती ब्लाउज खरंच उतरतात ते वहीत लिहा. साधा टू बाय टूचा (सुती कापडाचा), अस्तराचा, आणि कटोरी किंवा पॅडचा प्रिन्सेस कट, हे तिन्ही एकाच हिशोबात धरू नका. माझ्या हिशोबात साधा म्हणजे वहीतलं एक घर (चौकट), अस्तराचा दोन, पॅडचा तीन. आठवड्याची घरं भरली की पुढची तारीख पुढच्या आठवड्यात. बाई कितीही ओळखीची असो, वही दाखवायची. लिहिलेलं दिसलं की माणूस ऐकतो.

दुसरी, पंचांग भिंतीवर लावा आणि वर्षाच्या सुरुवातीलाच खुणा करा. आपली गर्दी अचानक येत नाही. संक्रांतीच्या काळ्या साड्या, तिथून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. पाडवा, अक्षय्य तृतीया आणि त्यामागे उन्हाळ्यातली लग्नं. चातुर्मासात लग्नं नाहीत, पण मंगळागौर आणि गौरी आहेत. पितृपक्षात नवीन कापड कुणी टाकत नाही आणि घटस्थापना आली की नवरात्रातल्या नऊ रंगांसाठी सगळ्या एकदम येतात. तुळशीचं लग्न झालं की परत मुहूर्त. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. त्यात मुहूर्त नाहीत, पण धोंड्याच्या वाणाला लेकीला साडी घेतात, म्हणजे ब्लाउज येणारच, फक्त नवरीचे नसतील. मी पितृपक्षात सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना निरोप पाठवते की माप आधीचंच असेल तर नवरात्राचं कापड आत्ता द्या, शिवायला घट बसल्यावर घेईन. ज्यांना चालत नाही त्या नाही देत, पण बऱ्याच जणी देतात.

हातशिलाई आणि हुक बाहेर द्या. शेजारची एखादी काकू नगावर आनंदाने करेल. काकूंना दिलेले पैसे पुढच्या ब्लाउजमध्ये निघतात.

मूळ धागाकर्ती

तिघींचे मनापासून आभार. आवाजाचं आणि बिनआवाजाचं काम हे मी कधी असं वेगळं करून पाहिलं नव्हतं, आणि माझ्या अडचणीला ते अगदी लागू पडतं. पाळीचा कागद महिन्याच्या सुरुवातीला हातात येतो, त्यामुळे कटिंगचा आठवडा कोणता ते आधीच कळेल.

एका गोष्टीत मात्र माझं वेगळं मत आहे. माप घेण्याची फक्त संध्याकाळची वेळ ठेवली तर माझ्याकडे येणाऱ्या कंपनीतल्या मुली सुटतील. त्याही पाळीतच असतात, दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्यांना सकाळशिवाय जमत नाही. त्यांच्याकडे स्वतःचे कमावलेले पैसे असतात आणि त्या हौसेने शिवून घेतात, त्यांना परत पाठवणं मला पटत नाही. मी मंगळवार आणि शुक्रवारची सकाळ त्यांच्यासाठी ठेवेन, बाकी दिवस संध्याकाळ. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळचं माप समोरच्या वहिनींच्या ओट्यावर घेता येईल, त्या हो म्हणाल्यात. हातशिलाईसाठीही त्यांनाच विचारणार आहे.

आता राहिलं अर्जंट काम. "उद्या बारसं आहे" म्हणून कुणी आलं तर काय करता? जास्त पैसे मागावेत का?

प्रतिसाद १ (कोल्हापूर)

मागावेत, संकोच नको. त्या बाईसाठी तुम्ही दुसऱ्या कुणाची जागा मागे सारत असता. आम्ही अर्जंटला दीडपट घेतो आणि आठवड्याला दोनच घरं त्यासाठी मोकळी सोडतो. ती भरली की नाही म्हणतो. मयत, अचानक ठरलेला साखरपुडा अशा वेळी जास्त पैसे घेत नाही, तो ज्याचा त्याचा विचार.

आणखी एक विचारायचं राहिलं. तुमच्या मशीनला मोटर कोणती आहे? जुनी क्लच मोटर असेल तर ती नुसती चालू ठेवली तरी घुमत राहते. सर्वो मोटर पाय दाबल्यावरच फिरते, आवाज बराच कमी आणि वीजही कमी. मशीनच्या पायांखाली जाड रबरी चटई टाकली तर फरशीतून आत जाणारी थरथरही कमी होते. दरवाजा लावून निदान दुपारी उशिरा, त्यांची पहिली झोप झाल्यावर, थोडं शिवता येईल.

प्रतिसाद ३ (पुणे)

मोटरसाठी पैशांचा प्रश्न असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, १८ व्यवसायांत शिंपीकामही आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर आहे, आणि पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने. एका कुटुंबातल्या एकालाच मिळतं. नोंदणी सामायिक सेवा केंद्रात (सीएससी) होते, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन जा.

मूळ धागाकर्ती

क्लच मोटरच आहे, आणि ती सतत घुमते हे बरोबर. चटई उद्याच आणते. सर्वो मोटर त्याच टेबलाला बसते का, की टेबल बदलावं लागतं? कुणी बसवून घेतली असेल तर खर्च किती आला तेही सांगा, म्हणजे व्हाउचरची वाट पाहायची की आत्ताच घ्यायची ते मिस्टरांशी बोलून ठरवता येईल. त्यांची रात्रपाळी येत्या सोमवारी लागतेय. आलेलं सगळं अस्तर मी आज भिजत घातलंय.