शब्दचर्चा: ‘क्रुएल्टी-फ्री’ विणकामाला मराठीत काय म्हणायचं? शिवाय, टाके की फंदे?

लष्करवाली, ग्वाल्हेर
मेळा तोंडावर आलाय. इकडच्या काही मराठी बायका मिळून आम्ही विणलेल्या वस्तूंची विक्री करणार आहोत: टोप्या, मोजे, क्रोशाची पाखरं, कुत्र्यांची झबली. पैसे रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या औषधपाण्याला जातील, आणि केमोथेरपी घेणाऱ्यांसाठी आम्ही ज्या टोप्या विणतो त्यांच्या सुताला. लोकर किंवा रेशीम कशातच नाही, सगळं सुती नाहीतर अ‍ॅक्रिलिक. पाटीवर ‘क्रुएल्टी-फ्री’, म्हणजे प्राण्यांना त्रास न देता केलेलं, असं लिहिलंय, त्याला मराठी शब्द हवाय. शेजारच्या हिंदीवाल्या भाभींनी ‘क्रूरता-मुक्त’ सुचवलं, पण ते ऐकून कोणी विणायला बसेल असं वाटत नाही.

जाता जाता दुसरं: आमच्यातल्या निम्म्या जणी ‘फंदे’ म्हणतात, निम्म्या ‘टाके’. रोज खडाजंगी.

शब्दखोर
‘-मुक्त’ टाळाच. तंटामुक्त गाव, हागणदारीमुक्त गाव… या प्रत्ययाला आता सरकारी रंगाचा वास येतो. शिवाय मुक्त व्हायला आधी बद्ध असावं लागतं. तुमच्या सुती टोपीत क्रौर्य कधी होतं?

माझं मत ‘अहिंसक’ला. वस्तूला हे विशेषण लावायची रीत मराठीत जुनी आहे. वर्ध्याकडे आपोआप मेलेल्या जनावरांच्या कातड्याच्या वहाणांना ‘अहिंसक चप्पल’ म्हणत. हैदराबादचे कुसुमा राजय्या यांनी अळी न मारता काढलेलं रेशीम बाजारात आणलं, तेही ‘अहिंसा रेशीम’ म्हणूनच ओळखलं जातं. तयार शब्द असताना नवा कशाला घडवायचा?

सुईदोरा
शब्दखोर, रेशमाला तो शब्द चपखल बसतो, कारण तिथे प्रश्न जीव घेण्याचाच आहे. कोश आतल्या जिवासकट उकळतात किंवा वाफवतात. पतंग भोक पाडून बाहेर पडला तर शेकडो मीटरचा अखंड धागा तुटतो, मग तो उलगडता येत नाही, कातावा लागतो. एरी रेशमाच्या कोशाला मुळातच एका टोकाला वाट असते, म्हणून लोक ते डोळे झाकून अहिंसक समजतात. पण आसामात एरीच्या अळ्या आणि कोशातले किडे आवडीने खातात. तेव्हा एरी म्हणजे अहिंसाच असं नाही. विचारून घ्यावं लागतं.

लोकरीचं गणित वेगळं. कातरताना मेंढी मरत नाही. आक्षेप आहे तो म्यूल्सिंगला: माश्यांनी अंडी घालू नयेत म्हणून मरिनो मेंढीच्या शेपटीखालची कातडी कापून काढतात. न्यूझीलंडने २०१८ साली यावर बंदी घातली, ऑस्ट्रेलियात अजून चालतं. आणि आपल्याकडची मऊ मरिनो बरीचशी तिकडूनच येते. अंगोरा सशांचे केस जिवंतपणी उपटतानाची चित्रफीत २०१३ साली चीनमधून बाहेर आली, तेव्हा कित्येक मोठ्या कंपन्यांनी अंगोरा विकणं थांबवलं. यातल्या कशाला ‘हिंसा’ म्हणालात तर समोरचा म्हणेल, ‘मारलं कुठे?’ इथे ‘क्रौर्य’ हाच शब्द हवा. शहातूशचं मात्र उलट, त्या शालीसाठी चिरू हा हरणासारखा तिबेटी प्राणी मारावाच लागतो.

म्हणजे ‘क्रौर्य नाही’ आणि ‘प्राणिज नाही’ हे दोन दावे झाले. म्यूल्सिंग न केलेल्या मेंढीची लोकर पहिल्यात बसते, दुसऱ्यात नाही. लष्करवाली ताईंच्या मालाबद्दल दुसरा दावा खात्रीने करता येतो. पहिला कशाच्या बळावर करणार?

मुरारकर
मंडळी, गिऱ्हाईक एवढंच विचारतं, ‘गरम है क्या?’ आणि पुढचा प्रश्न, ‘ऊन असली है?’, म्हणजे लोकर खरी आहे का.

या ‘ऊन’ने आमच्या घरी कायम गोंधळ. पुण्याची मावशी थंडीत आली की म्हणायची, ‘जरा उन्हात बसते’, आणि आमची मुलं ग्वाल्हेरी मराठीत ‘ऊनात काय बसायचं, ऊन तर पिशवीत आहे’. मराठी ऊन ‘उष्ण’वरून आलं, हिंदी ऊन संस्कृत ‘ऊर्णा’वरून. कोळ्याला ऊर्णनाभ म्हणतात ते यातूनच. ऊब दोन्हींत आहे, नातं काही नाही.

असली-नकलीचं म्हणाल तर धागा जाळून बघा. लोकर केस जळल्यासारखी घाण मारते आणि राख बोटांत चुरते. सूत कागदासारखं जळतं. अ‍ॅक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. तो मणी बघून सांगतो, याला कुठलाही पवित्र शब्द लावताना जपून. मेंढीला त्रास नाही हे खरं, पण हे खनिज तेलापासून होतं, आणि दर धुण्याला त्याचे बारीक तंतू पाण्यात जातात. माशांना कोण विचारतंय?

बडोदेकर
इकडे गुजरातीत ‘जीवदया’ सगळ्यांच्या तोंडी आहे. मराठीतही चालेल, पण त्यावरून दानपेटी आठवते, टोपी नाही.

लष्करवाली, ग्वाल्हेर
मुरारकर दादा, माशांचं मान्य. म्हणून टोप्या सगळ्या सुतीच ठेवल्यात. केस गेलेल्या डोक्याची कातडी फार हुळहुळी असते, लोकर टोचते. आम्ही टोपी उलटी करून मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघतो, गाठ लागली की उसवायची. जोड बाहेरच्या बाजूला घ्यायचा.

अ‍ॅक्रिलिक कुत्र्यांच्या झबल्यांपुरतं. जुन्या स्वेटरची बाही कापून पुढच्या पायांना दोन भोकं पाडली की पिल्लाचं झबलं तयार. मोठ्या, मोकाट कुत्र्याला मात्र आम्ही घालत नाही. दवात भिजलं की ओलं तसंच अंगावर राहतं, तारेत अडकतं. त्यांना आडोशाला भुसा भरलेलं बारदान टाकलेलं बरं. मथुरेला सोडवून आणलेल्या हत्तींसाठी तिथल्या गावातल्या बायकांनी स्वेटर विणले, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. पण त्या हत्तींचं अंग बघायला माणसं असतात. गल्लीतल्या कुत्र्याचं कोण बघणार?

सुईदोरा
प्राण्यांसाठी विणणं आणि प्राणिज धागा टाळणं या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून जात नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या फिलिप बेटावर तेलाने माखलेल्या छोट्या पेंग्विनांना स्वेटर घालत, चोचीने पिसं साफ करताना तेल पोटात जाऊ नये म्हणून. २००१ च्या तेलगळतीत असे चारशेवर पेंग्विन सापडले होते. आणि विणणाऱ्यांना सूचना काय, तर धागा शंभर टक्के लोकरीचा हवा! पाटीवरच्या एका शब्दात हे सगळं कोंबू नका.

आता टाके-फंदे. मराठी विणकामात ‘टाके’ रूढ आहे: सुलट टाका, उलट टाका, टाके उचलणे, टाका निसटणे. प्राण्यांच्या दवाखान्याच्या मदतीची पाटी असेल तर ‘टाके’ वाचून लोकांना ऑपरेशन आठवेल, ते वेगळं. ‘फंदा’ हिंदीतून आला. तिकडे त्याचा अर्थ फास, पाखरं धरायचा सापळासुद्धा. मराठीत ‘फंद’ म्हणजे नसती भानगड, फंदफितुरी त्यातलीच. मी ‘टाके’वाली असले तरी एका ठिकाणी ‘फंदा’च जास्त खरा वाटतो. घरट्यातून पडलेल्या पिल्लांसाठी क्रोशाची वाटीसारखी घरटी विणतात. त्यात वीण ढिली राहिली की पिल्लाची नखं तिच्यात अडकतात आणि पाय मुरगळतो. तिथे फंदा खरोखरच फंदा होतो. बारीक सुई, दुहेरी सूत, आणि करंगळीचं टोकही आत जाणार नाही इतकी घट्ट वीण हवी.

शब्दखोर
मी ‘अहिंसक’ मागे घेत नाही, रेशमापुरता राखून ठेवतो. ‘क्रौर्यरहित’ व्याकरणाने बरोबर आहे, पण मेळ्यातल्या गर्दीत तो वाचेपर्यंत गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. साधं ‘बिनलोकरी’ कसं वाटतं? बिनधास्त, बिनपाण्याने, तसं.

मुरारकर
बिनलोकरी म्हणजे ‘गरम नहीं है’ असंच वाचतील.

लष्करवाली, ग्वाल्हेर
मग असं लिहितेय: ‘सुती टोप्या. अ‍ॅक्रिलिकची झबली. लोकर नाही, रेशीम नाही.’ खाली पैसे कुठे जातात ते. विशेषण एकही नाही. हिंदीत ‘ऊन नहीं’ लिहिलं तर आमच्यातल्या मराठी आज्या सावलीचं दुकान समजतील, म्हणून तिथे भाभींना विचारून ‘सूती’च ठेवते.

आणि शब्दखोर, ‘झबलं’ कुत्र्याला चालतं का, यावर दोन काकूंनी आत्ताच हरकत घेतलीय. त्यांच्या मते ते फक्त तान्ह्या बाळाचं. ‘अंगरखा’ म्हणावं का?