अनुभव धागा: उतारावर गाडी, वजन आणि अ‍ॅव्हरेज

कन्नड घाट असो की कोंडाईबारी घाट, भरलेली गाडी उतारावर रिकामीपेक्षा जोरात पळते. पण त्यातून तेल वाचतं का? गाडीचा प्रकार आणि आकडे टाकून लिहा. 'आपली गाडी लई भारी' नको.

पेट्रोल कार:
३ टक्के उतार, म्हणजे १०० मीटरला ३ मीटर. न्यूट्रलचा हिशेब मांडला तर १००० किलोची छोटी कार ताशी ७८च्या आसपास स्थिरावते. तीच ४०० किलो भरली की ९२. उताराची ओढ वाढते, टायरचा विरोधही त्याच प्रमाणात वाढतो, वारा मात्र वजन बघत नाही. पण तेच ४०० किलो २०० मीटर वर चढवताना ८०-९० मिली पेट्रोल आधीच गेलेलं असतं. अ‍ॅव्हरेजसाठी डिकीत वजन टाकणं म्हणजे व्याजाने उसनवारी.

कापसाचा ट्रक:
कन्नडहून चाळीसगावकडे भरून उतरताना हे गणित उलटं. १६ टन, ६ टक्के उतार, ताशी ४०. वेग वाढू द्यायचा नसेल तर ९० किलोवॅटच्या आसपास ताकद कुठेतरी जिरवावी लागते. एक किलोवॅटच्या नव्वद शेगड्या समजा, भो. न्यूट्रल मारलं की त्या सगळ्या चाकांच्या ब्रेक ड्रममध्ये पेटतात. लायनरचा (ड्रमला घासणाऱ्या ब्रेक-पट्टीचा) करपट वास आला की उशीर झालेला असतो. पेडल कडकच लागतं, गाडी मात्र धरत नाही. उताराआधीच खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनानेच गाडी रोखणारा) चालू, पायब्रेक थोडा वेळ जोरात आणि मग पूर्ण मोकळा. सतत टेकवून ठेवू नये.

मेकॅनिक:
न्यूट्रलने तेल वाचतं हा समज कार्बोरेटरच्या काळातला. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून अ‍ॅक्सिलेटर सोडला की आयडलच्या वर आरपीएम असेपर्यंत इंधन बंद. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलवर (अ‍ॅक्सिलेटर न देता चालू राहण्यापुरतं) तेल पीतच राहतं. जुन्या पंपाच्या डिझेललाही गव्हर्नर (पंपातला वेग सांभाळणारा भाग) पुरवठा तोडतो. उतारावर चावी फिरवून इंजिन तर बंद करूच नका: ब्रेकचा बूस्टर, पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात, हँडल लॉक होऊ शकतं.

हळू उतारावर, १-२ टक्क्यांत, खरा फरक टायरमधल्या हवेचा. सकाळी टायर थंड असताना भरा, मे महिन्यात दुपारी मोजलेला आकडा खोटा. भरलेल्या गाडीसाठी दारावरच्या स्टिकरवर वेगळा आकडा असतो.

दुचाकी:
चेन आणि मागचा ब्रेक बघा. दहा किलोमीटरनंतर ड्रमजवळ हात धरा, लावू नका. धग लागली तर ब्रेक शू घासतोय.