मदत हवी आहे: पायथनमधून प्रॉक्सीमार्गे एसएफटीपी कधी जोडलं जातं, कधी नाही

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आयटी बघतो. संध्याकाळचा ट्रक सुटला की डिस्पॅचची फाइल ग्राहकाच्या एसएफटीपी (एसएसएचवरून सुरक्षितपणे फाइल पाठवायची पद्धत) सर्व्हरवर टाकावी लागते. ती पोचली नाही तर तिकडे माल उतरवून घेत नाहीत, ड्रायव्हर गेटवर ताटकळत बसतो. काल रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, फार वाईट वाटलं.

ऑफिसातून इंटरनेटवर जायचं तर स्क्विड प्रॉक्सीतूनच, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्गेच. प्रॉक्सीचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये भरला, पण पॅरामिको (पायथनची एसएसएच लायब्ररी) तिकडे बघतच नाही. मग स्वतः सॉकेट (नेटवर्क जोडणी) उघडून प्रॉक्सीला कनेक्टची, म्हणजे पुढच्या सर्व्हरला जोडून द्यायची, विनंती पाठवली, तर ४०३, म्हणजे नकार. स्क्विडच्या मूळ सेटिंगमध्ये कनेक्टला ४४३ पोर्टच चालतो. नेटवर्कवाल्या सरांनी त्या एका सर्व्हरपुरता २२ (एसएसएचचा पोर्ट) उघडून दिला आणि २००, म्हणजे होकार, यायला लागलं. ते उत्तर एकदाच ४०९६ बाइटच्या रिसीव्हने वाचतो आणि तोच सॉकेट पॅरामिकोच्या ट्रान्सपोर्टला (एसएसएच जोडणी सांभाळणाऱ्या क्लासला) देतो.

तरी दहातल्या तीन-चार वेळा १५ सेकंद थांबून ‘एरर रीडिंग एसएसएच प्रोटोकॉल बॅनर’ (बॅनर म्हणजे सर्व्हर पाठवतो ती ओळखीची ओळ). बॅनर टाइमआउट ६० केला, तर एरर ६० सेकंदांनी येते, एवढाच फरक. घरून मोबाइलच्या नेटवर, प्रॉक्सीशिवाय, एकदाही अडत नाही. म्हणजे युजर आणि लॉगिनची की (किल्ली) बरोबर आहेत. कुठे बघू?

प्रतिसाद:
दादा, सर्व्हर जोडणी झाल्या झाल्या आपला बॅनर पाठवतो, विचारायची वाट बघत नाही. ४०९६ मध्ये प्रॉक्सीच्या उत्तरामागोमाग तोही वाचला जात असेल. वाचलेले सगळे बाइट छापून बघा.

धागाकर्ता:
छापले. अडतं त्या वेळी २०० च्या हेडरखाली रिकामी ओळ, आणि तिच्याखाली ‘एसएसएच-२.०’ने सुरू होणारी ओळ! पॅरामिको जिची वाट बघत होता ती माझ्याच कोडने आधी वाचून टाकलेली. आता रिकामी ओळ येईपर्यंत एकेक बाइट वाचतो. दुपारपासून चाळीस वेळा चालवलं, एकदाही अडलं नाही. मनापासून आभार.

एक राहिलं. ट्रान्सपोर्ट थेट वापरला तर ‘होस्ट की’ (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली) आपण दिल्याशिवाय तपासली जात नाही, हे आत्ता लक्षात आलं. पॅरामिकोच्याच एसएसएचक्लायंट या क्लासलाही तयार सॉकेट देता येतो, म्हणून तिकडे वळतोय. ग्राहकाकडून त्या कीचा फिंगरप्रिंट (छोटी खूण) फोनवर घेऊन जुळवला तर चालेल, की लेखी मागवू?