उत्तर: ऑर्लँडो सहल – शनिवार-रविवार अदलाबदल (शुक्रवारच्या आत)

प्रेषक: ताई

नानाकाका, वेळापत्रक मिळालं. शनिवारी हॉलिवूड स्टुडिओज आणि रविवारी अ‍ॅनिमल किंगडम आहे, ते उलटं करा ना. ही दोन्ही डिस्नेची पार्कं, आणि आमच्या लेकीला ऐकू येत नाही, तिला शो खुणांच्या भाषेत सांगणारा लागतो. डिस्नेत सांकेतिक भाषेचे दुभाषे रोज सगळ्या पार्कांत नसतात, वार वाटून दिलेले असतात. मी फोन करून विचारलं. शनिवारी ते अ‍ॅनिमल किंगडमला आहेत, रविवारी स्टुडिओजला. आपण दोन्ही दिवस नेमके दुसरीकडे! विनंती किमान १४ दिवस आधी करावी लागते, म्हणून शुक्रवारपर्यंत पाठवलीच पाहिजे.

प्रेषक: नानाकाका (सहल समिती)

ताई, ५२ माणसं आहेत. बस ठरली, शनिवारचं रात्रीचं जेवण सांगून झालं. आता एक वीट काढली की सगळं हलतं. गेल्या खेपेला ते हातात धरायचं यंत्र मिळालं होतं ना? अनामत भरायची आणि संध्याकाळी परत करायचं. त्यावर सगळं लिहून येतं. तेच घेऊ.

प्रेषक: माईआत्या

यंत्र चांगलं आहे. आमच्या ह्यांना त्यावर आवाज मोठा करून मिळाला, श्रवणयंत्र टी-कॉइलवर (चुंबकी लहरींतून आवाज घेण्याची त्यातली सोय) ठेवलं की थेट कानात. पण ज्यांच्या मुलांना कॉक्लिअर (ऐकण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवलेलं यंत्र) आहे त्यांनी झोकांड्या देणाऱ्या राइडवर बाहेरचा प्रोसेसर काढून खिशात नीट बंद करून ठेवा. आमच्या नातवाचा उडाला होता, दोन तास शोधत होतो. आणि तो रांग टाळायचा पास का घेत नाही?

प्रेषक: ताई

आत्या, तो पास ऑटिझमसारख्या अडचणींसाठी आहे, ऐकू येत नाही म्हणून मिळत नाही. आम्हाला नकोच आहे, ती रांगेत मजेत उभी राहते.

काका, यंत्राचं सांगते. गेल्या खेपेला ती सिंहाच्या गाण्यांच्या शोला बसली होती. मान खाली, डोळे त्या एवढ्याशा पडद्यावर. शेजारच्यांच्या टाळ्यांचा धक्का बाकाला जाणवला तेव्हा तिने वर पाहिलं, तोवर कसरत करणारे आत गेलेले. मग मी खुणा करून सांगायला लागले, तर अंधारात माझे हात दिसेनात. ती नऊ वर्षांची आहे, खुणांची भाषा हीच तिची पहिली भाषा. दुभाषी रंगमंचाजवळ उजेडात उभा असतो, एका नजरेत दोन्ही दिसतं. आणि त्याचे पैसे लागत नाहीत, १९९० च्या अपंग कायद्याने ती सोय त्यांनीच करायची आहे.

प्रेषक: अप्पा

आमच्या सांगलीच्या काकूही येताहेत, जन्मापासून कर्णबधिर. त्यांनाही दुभाषाजवळ बसवा.

प्रेषक: ताई

अप्पा, त्याचा काकूंना उपयोग नाही हो. अमेरिकन खुणा वेगळ्या, आपल्याकडच्या वेगळ्या. इथली भाषा फ्रान्सकडून आलेली आहे, इंग्लंडच्या लोकांनाही ती कळत नाही. काकूंना मराठी वाचता येतं ना? पार्कात शोची गोष्ट आणि संवाद छापील मिळतात, इंग्रजीत. आधी मिळवून द्या, मी मराठीत उतरवून मोठ्या अक्षरात लिहून देते.

प्रेषक: खजिनदार

तिकिटांची चिंता नको. तिकिटावर तारीख आहे, पार्क नाही. २०२४ पासून अशा तिकिटांना पार्क आधी राखून ठेवावा लागत नाही. अडचण जेवणाचीच असेल, तर अ‍ॅनिमल किंगडम बाकीच्या पार्कांपेक्षा लवकर बंद होतं. ते शनिवारी घेतलं तर जेवणाला उलट वेळेत पोचू.

प्रेषक: नानाकाका (सहल समिती)

रविवारी मी अ‍ॅनिमल किंगडम ठेवलं होतं, कारण दुपारी तीनला अटलांटासाठी निघायचंय आणि ते सकाळी लवकर उघडतं. स्टुडिओजला तीनपर्यंत काय होणार? बरं, साडेतीन करतो. ड्रायव्हरशी मी बोलतो. पण ताई, पार्काला परस्पर फोन करत जाऊ नका, दोघांनी दोन आकडे सांगितले की गोंधळ होतो. कोणते शो हवेत, किती वाजताचे, आज रात्री आठपर्यंत मला लिहा. विनंती मीच पाठवतो, तुम्हाला प्रत टाकतो. काकूंचे कागदही त्यातच मागतो.

प्रेषक: ताई

काका, शनिवारी सिंहाचा शो, दुपारच्या आतला कुठलाही. रविवारी सकाळचा स्टंट शो. पुढच्या रांगेत डावीकडे बसवतील का, हेही विचारा, तिला तिथून बरं दिसतं.

प्रेषक: माईआत्या

मग बस पहाटे चारलाच ना? पोहे मी करते, पण डबे कुणाकडे आहेत?