स्पोर्ट्स कार घेतली खरी, पण लोकांच्या नजरांचं काय करायचं?

पाषाणचा_बंड्या

नमस्कार मंडळी, चारपाच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय, सांभाळून घ्या.

सहा महिन्यांपूर्वी सेकंडहँड पोर्शे बॉक्स्टर घेतली. २०१० चं मॉडेल, २.९ लिटर, लाल रंग, दोन सीट, वरचं छप्पर कापडी आणि बटण दाबलं की बारा सेकंदात मागे जातं. केवढ्याला पडली ते कृपया विचारू नका, तो प्रश्न रोज ऐकतो. कॉलेजात असताना हिचं पोस्टर होस्टेलच्या खोलीत लावलेलं होतं, एवढंच कारण. गाडी चालवायला जी मजा येईल असं वाटलं होतं ती येते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार लोकांची आहे, म्हणजे तक्रार पण म्हणता येत नाही, नक्की काय म्हणू तेच कळत नाहीये म्हणून तर विचारतोय.

आधी मी वॅगनार चालवायचो. दहा वर्षांत एकाही माणसानं माझ्याकडे वळून बघितलं नाही, आणि ते किती सुखाचं होतं ते आता कळतंय. आता सिग्नलला थांबलो की उजवीकडून एक बाइक, डावीकडून एक बाइक, दोघांचे मोबाईल बाहेर, आणि मी नाकसुद्धा खाजवू शकत नाही. कोणी नुसता अंगठा दाखवून जातो, ते छान वाटतं. पण सातारा रोडला परवा एक जण एका हातानं बाइक आणि एका हातानं व्हिडिओ असा दोन किलोमीटर बरोबरीनं आला, मागचा पोरगा फूटरेस्टवर उभा, आणि दोघं ओरडतायत "भाऊ उडव ना, उडव ना". मी साठवर, ते ट्रकच्या आणि माझ्या मधे. ते पडले तर दोष कोणाचा निघणार हे मला पक्कं माहिती आहे. एक्सप्रेसवेवर बाइकला बंदी आहे तेवढंच सुख, पण तिथे इनोव्हाच्या खिडकीतून अख्खं कुटुंब शूटिंग करतं, ड्रायव्हरसकट.

पेट्रोल पंपावर ठरलेला प्रश्न, अॅव्हरेज किती? शहरात आठ म्हटल्यावर त्या पोराच्या चेहऱ्यावर जे दुःख येतं ते माझ्या सख्ख्या भावाच्या चेहऱ्यावर पण आलं नव्हतं.

गावी (वाईजवळ) घेऊन गेलो तर वीस मिनिटांत पन्नास माणसं. बॉनेट उघडा म्हणाले, उघडलं तर आत डिकी. मग मागचं उघडलं, तिथे पण डिकी. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे मधोमध असतं आणि वरून दिसतच नाही, मागच्या डिकीत फक्त ऑइल आणि कूलंट टाकायची झाकणं. हे मी समजावत होतो तोवर आमचे थोरले चुलते म्हणाले, "दोन डिक्क्या दिल्या आन इंजिन द्यायचं इसरले व्हय." पूजेला आलेल्या गुरुजींनाही प्रश्न पडला की स्वस्तिक इंजिनावर काढायचं की डिकीवर.

इथवर सगळं गमतीचं. पण गेल्या महिन्यात औंधात एका चहाच्या टपरीजवळ गाडी लावत होतो तर एक साठीचे काका शांतपणे म्हणाले, "निबंध लिहून झाला का?" आणि आजूबाजूचे हसले. मी पण हसलो, पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. तेव्हापासून बायको त्या गाडीत बसायला नको म्हणते, मी पण बाहेर काढायची तर पहाटे साडेपाचला काढतो, चोरासारखी. तुमच्यापैकी कोणाकडे अशी गाडी असेल तर तुम्ही हे कसं हाताळता? सवय होते का? की विकून टाकू?

---

रंकाळ्यावरचा_राजा

विकू नगा भावा, आमच्याकडं घिऊन या! पुण्यात निबंध इचारत्यात, कोल्हापुरात आधी चहा पाजतील आन मग इचारतील.

जोक सोडा, पण गाडी बगायला गर्दी हुणं ह्यात नवीन काय न्हाई. आमच्या दसरा चौकात दरसाल दसऱ्याला छत्रपतींची मायबाख येती, राजाराम महाराजांच्या काळातली, १९३६ ची. लोक पोरांना खांद्यावर घिऊन बगायला येत्यात. तिला कोण अॅव्हरेज इचारत न्हाई हे मातर खरं.

माझ्या दोस्ताकडं मस्टँग हाय, व्ही-८. त्याचा नियम सांगतो. स्पीडब्रेकर आला की गाडी तिरकी घ्यावी लागती, आन तितं टपरीवरची मंडळी चा खाली ठिऊन "डावीकडं घ्या, अजून, बसतंय बसतंय, आता सोडा" अशी मदत करायला येत्यात. त्यो काच खाली करून सगळ्यांना राम राम घालतो. काच वर असली की माणूस माजलेला वाटतो, खाली असली की आपला वाटतो. एवढ्यानं निम्मं काम हुतंय. काळ्या काचा, काळा गॉगल आन मोठ्यानं गाणी, हे तिन्ही एकदम करू नका.

---

नदीकाठची

मी कल्याणीनगरला राहते, त्यामुळे दुसरी बाजू मांडते, राग मानू नका.

निबंधाचा टोमणा तुम्हाला लागला हे समजू शकते, पण तो कुठून आलाय तेही बघा. १९ मे २०२४ च्या पहाटे आमच्या इथे भरधाव गाडीनं बाइकला उडवलं त्यात मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन तरुण इंजिनिअर गेले, एक मुलगा एक मुलगी, दोघं चोवीस वर्षांचे. आरोपी सतरा वर्षांचा. गाडी तुमच्याच कंपनीची, आणि पक्की नोंदणी सुद्धा झालेली नव्हती, १,७५८ रुपयांची फी भरायची राहिली होती म्हणून. काही तासांत जामीन आणि त्याची अट म्हणून ३०० शब्दांचा निबंध. (जामीन नंतर फिरवला वगैरे ते सगळं पुढचं, पण लोकांच्या लक्षात निबंधच राहिला.) त्यानंतर या शहरात तसा बिल्ला बघून लोकांच्या मनात पहिल्यांदा पोस्टर येत नाही हो.

तुमच्याकडे जो वळून बघतो तो कौतुकानेच बघतो हा समज काढून टाका. मी पण बघते. मागून तसा आवाज आला की मुलाचा हात धरते आणि मग बघते. ते बघणं वेगळं.

आणि आवाजाबद्दल पण बोलूच. रात्री दीड-दोनला रिकाम्या रस्त्यावर ते फटफट फटाके फोडत जातात त्यातले किती जण तुमच्यासारखे "फक्त चालवायची मजा" वाले असतील? तुम्ही तसं करत नसाल, पण करणाऱ्यांची गाडी आणि तुमची गाडी झोपलेल्या माणसाला सारखीच ऐकू येते.

---

पाषाणचा_बंड्या

@नदीकाठची, राग नाही. खरं तर काका बोलले तेव्हा राग आला होता कारण मनात होतं की मी तो नाही, मी ईएमआय भरणारा माणूस आहे, पण काकांना ते कसं कळणार, कपाळावर थोडंच लिहिलंय.

आणि एक कबुली पण देतो. आवाज मी केलाय. रात्री नाही, पण अंडरपासमधे काचा खाली करून गिअर खाली टाकून दोनतीनदा. आत आवाज घुमतो तेव्हा मला भारी वाटतं, बाजूच्या अॅक्टिव्हावाल्या बाईंना काय वाटत असेल हे तुमचा प्रतिसाद वाचेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं.

---

दुबईकर_नागपुरी

बाप्पा, एवढा विचार करून राहिला तू? इकडे ये, कोणी बघणारच नाही तुझ्याकडे. मी नऊ वर्षं दुबईत आहे, इथे मॉलच्या दारात लॅम्बोर्गिनी उभी असते तर लोक तिच्यासमोरून पिशव्या घेऊन निघून जातात. पोलिसांकडेच लॅम्बोर्गिनी न् बुगाटी आहे म्हटल्यावर तुझ्या बॉक्स्टरला कोण विचारते. टुरिस्ट फोटो काढतात, त्यात आपले लोक जास्त.

पण एक सांगू का, इथल्या एका कलिगनं पिवळी कॉर्व्हेट घेतली होती न् सहा महिन्यांत विकली. कारण काय, तर कोणी बघतच नाही म्हणे! आता तूच ठरव कोणतं दुःख बरं. नागपुरात नेली असती तर वर्धा रोडवर मिरवणूक निघाली असती त्याची.

---

गिरगावातला_गिअर

इथे सगळे नजरांवर बोलतायत पण मूळ मुद्दा पैशाचा आहे. आपल्याकडे महागडी गाडी दिसली की मनात पहिला प्रश्न "किती सुंदर" हा नसतो, "कुठून आले" हा असतो. खुद्द सचिनला सुटका नव्हती. २००२ मधे इंग्लंडात सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनवाल्या शूमाकरच्या हातून फेरारी ३६० मोडेना मिळाली, ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून. अख्ख्या देशानं टाळ्या वाजवल्या. पण आयात शुल्क माफ केलं म्हटल्यावर त्याच देशात केवढा गदारोळ, कोर्टकचेरी, शेवटी १ कोटी १३ लाखांचं शुल्क फियाटनं (तेव्हाची फेरारीची मालक कंपनी) भरलं. ज्याला लोक देव म्हणत होते त्याच्या गाडीवर ही वेळ, तर तुम्ही आम्ही कोण. (ती गाडी २०११ ला सुरतला विकली गेली. आमच्या वाडीतल्या एका काकांना त्याचं अजून वाईट वाटतं, जणू त्यांच्याच पार्किंगमधली गेली.)

अवांतर: तुम्हाला "फेरारी आहे का" विचारतात का? विचारत असणारच, कारण बिल्ल्यात घोडा. फेरारीचा घोडा मागच्या पायांवर उभा, मस्टँगचा पळतोय, आणि तुमच्या पोर्शेच्या ढालीतला श्टुटगार्ट शहराचा. लोकांना घोडा म्हणजे फेरारी आणि फेरारी म्हणजे सचिन.

आता कामाचं. बाइकवाले बाजूला आले की लोक एकतर पळवतात नाहीतर एकदम ब्रेक मारतात, दोन्ही चूक. अॅक्सिलरेटरवरून पाय हळूच काढायचा, पन्नासवर यायचं आणि तिथेच राहायचं. दोन मिनिटांत कंटाळून पुढे जातात, कारण व्हिडिओत काही घडतच नाही. डॅशकॅम पुढे आणि मागे दोन्ही लावा, तुम्ही म्हणताय तसा दोष कोणाचा हा प्रश्न आलाच तर तेच कामी येईल. पार्किंगला शक्यतो सीसीटीव्हीखाली, आणि कापडी छप्पर उघडं टाकून पाच मिनिटं पण जाऊ नका, लोक चोरी करतात म्हणून नाही, आत बसून फोटो काढतात म्हणून. माझ्या मित्राच्या बीएमडब्ल्यू झेड-४ मधे एक आजोबा नातवासकट बसलेले सापडले होते, वर म्हणतात, "उघडीच होती की."

पहाटे काढता ते मात्र चोरासारखं वगैरे समजू नका. मुंबईत ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत ते रविवारी सकाळीच सी लिंक आणि कोस्टल रोडला दिसतात, कारण बाकी वेळ ट्रॅफिकमधे क्लच दाबून पाय दुखवण्यापलीकडे काही नाही. अर्थात तिथेही मर्यादा ८० ची, बोगद्यात ६०, आणि रात्रीच्या आवाजावरून तिथल्या रहिवाशांच्या तक्रारी चालूच आहेत, ताईंचा मुद्दा इथेही लागू.

---

मांडवीकाठ

उशिरा लिहितोय, पण माझा अनुभव अगदी उलटा आहे म्हणून राहवलं नाही.

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. नव्या मंडळींना माहीत नसेल, नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या गोव्यात ही गाडी बनायची. दोन सीट, फायबरची बॉडी, रेनॉचं १.२ लिटर इंजिन, ६० च्या आसपास हॉर्सपॉवर. म्हणजे आजची स्विफ्ट मला आरामात मागे टाकते आणि टाकतेच. दिसायला स्पोर्ट्स कार, पळायला बेताची.

पण या गाडीला जे प्रेम मिळतं ते मी ऑडी-बीएमडब्ल्यूवाल्यांना मिळताना पाहिलेलं नाही. म्हापशाला बाजाराच्या दिवशी नेली तर मासे विकणारी बाई सुद्धा विचारते, "बाबा, ही घरी केली की काय?" कारण तिच्याकडे बघून कोणाला पैसा आठवत नाही, खटपट आठवते. पावसात छपरातून डाव्या मांडीवर पाणी गळतं, बायको टॉवेल घेऊनच बसते, आणि शेजारच्या गाडीतले लोक ते बघून हसतात, आम्ही पण हसतो.

म्हणून मला वाटतं की लोक गाडीपेक्षा माणूस तिच्यात कसा बसलाय ते बघतात. बंड्याभाऊ, तुम्ही आता अवघडून बसत असणार. नाक खाजवा हो बिनधास्त.

---

पाषाणचा_बंड्या

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

रविवारी आईला घेऊन सासवडकडे गेलो, मुद्दाम दहा वाजता, उजेडात, छप्पर उघडं, काचा खाली. आई पहिल्यांदाच बसली या गाडीत. बसताना "अगं बाई, जमिनीवर बसवलंस की" आणि उतरताना दोघांनी ओढून काढावं लागलं, पण मधला वेळ खूश होती. दिवे घाटाच्या आधी नेहमीप्रमाणे दोन पोरं बाइकवर आली, मोबाईल काढला, मी गिअरवाल्या साहेबांचं ऐकून पन्नासवर आलो आणि काही बोलणार तोच आई शेजारून ओरडली, "हेल्मेट कुठंय रे तुमचं? आई वाट बघती का नाही घरी?" त्यांनी मोबाईल खिशात घातला आणि "सॉरी काकू" म्हणून मागे राहिले. सहा महिन्यांत मला हे सुचलं नव्हतं.

पंपावर मात्र अॅव्हरेज विचारलंच. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली वीस. नंतर मला म्हणते, कशाला त्या पोराला वाईट वाटायला लावायचं.

सध्या विकत नाही. बायको अजून बसलेली नाही, तिचं म्हणणं आधी अंडरपासमधले उद्योग बंद कर. केलेत.

@मांडवीकाठ, डिसेंबरात गोव्याला यायचा विचार आहे, स्टॉर्म बघायला मिळेल का? टॉवेल मी घेऊन येईन.